संघटित व्यापार आणि एकटा शेतकरी
(मंगरूळपीर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंगरूळपीरच्या शेजारचाच तालुका कारंजा. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमान्वये 1886 साली तेथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद केली जाते. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदाही झाला. या गोष्टीचा अभिमान वऱ्हाडात अनेकदा मिरवला जातो. मात्र त्या कायद्यामागे वऱ्हाडी कुणब्याविषयीचा कळवळा नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस वाजवी दराने मिळावा, ही त्यामागील मुख्य प्रेरणा होती. तेथील गिरणीमालकांनी 1857 मध्येच कॉटन सप्लाय असोसिएशन स्थापन करून हिंदुस्थानातील कापूस, रस्ते आणि रेल्वे यांसाठी सरकारवर दबाव आणण्यास प्रारंभ केला होता. ती संस्था पुढे विसर्जित झाली, परंतु शेतमालाच्या बाजाराचे नियम खरेदीदाराच्या गरजेतून ठरण्याची रीत मागे राहिली.

विकसनशील देशाच्या शेतीत व्यापारी संघटना उपयुक्त असतात, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. त्या मालाची प्रत ठरवतात, तंटे मिटवतात, परदेशी बाजारपेठ शोधतात, पिकाची माहिती गोळा करतात. हे सारे खोटे नाही. इंदूरची ‘सोपा’ ही सोयाबीन प्रक्रिया उद्योजकांची संघटना 1979 पासून काम करते आहे आणि ती दर खरिपात पिकाचे स्वतःचे अंदाज काढते. प्रश्न एवढाच, की ही माहिती ज्याच्या हाती पहिल्याने येते तो खरेदीचे धोरण आखू शकतो. मंगरूळपीरच्या शेतकऱ्याला आपले वावर आणि फार तर शेजाऱ्याचा धुरा एवढेच दिसते.

सोयाबीन गाळले की साधारण अठरा टक्के तेल निघते. उरते ती बहुतांशी पेंड. म्हणून या पिकाचा भाव तेलाइतकाच, किंबहुना अधिक, पेंडीवर अवलंबून असतो, आणि पेंडीचा मोठा गिऱ्हाईक कुक्कुटपालन उद्योग. 2021 च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला. तोवर बहुतेक लहान शेतकऱ्यांचा माल केव्हाच विकला गेला होता. तेजीचा लाभ ज्यांच्या गोदामात माल होता त्यांना झाला. कुक्कुटपालकांच्या संघटनांनी दिल्लीत धाव घेतली आणि ऑगस्टमध्ये केंद्राने जनुक-परिवर्तित सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. देशात या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, पेंडीला मात्र वाट मोकळी झाली! नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. नव्या आवकेचाही त्यात वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे स्थगित झाले आणि पेंडीच्या साठ्यावर मर्यादा आली.

या आयातीला विरोध करणाऱ्यांत ‘सोपा’ होती, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. व्यापारी वर्ग म्हणजे एकजिनसी शत्रू, ही समजूत सोयीची असली तरी अपुरी आहे. गाळप करणारा, कोंबड्या पाळणारा, पामतेल आयात करणारा आणि मोंढ्यातील अडत्या यांचे हितसंबंध परस्परांना छेद देतात. त्यांपैकी काही प्रसंगी एखादा शेतकऱ्याच्या बाजूला येतो. पण तो स्वतःच्या हिशेबाने येतो आणि स्वतःच्या हिशेबाने निघून जातो. सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरील आयात शुल्क वीस टक्क्यांनी वाढवण्यात आले. त्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये होता, तरीही बाजार त्याखालीच राहिला. कारण तेल सावरले, तरी इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणाऱ्या स्वस्त चोथ्याने पेंडीची मागणी खाल्ली होती. पुढे मे 2025 मध्ये कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा उतरवले गेले. या सर्व निर्णयांत संघटनांची निवेदने, शिष्टमंडळे, आकडेवारी सरकारपुढे होती. ज्याने सोयाबीन पेरले त्याचे निवेदन कोठे होते?

ऑगस्ट 2018 मधील प्रसंगही बोलका आहे. हमीभावाखाली खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला तुरुंगवास व दंड करण्याच्या निर्णयाची वार्ता पसरताच राज्यातील अनेक बाजारांत व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली. अखेर सरकारलाच खुलासे करीत माघार घ्यावी लागली. हमालांनी काम थांबवले तर ती अडवणूक म्हणवली जाते. व्यापाऱ्यांनी हर्रास थांबवला तर ‘बाजार बंद’ अशी साधी बातमी होते.

बाजार समितीत कागदोपत्री शेतकऱ्यांचेच राज्य आहे. अठरा संचालकांपैकी पंधरा शेतकऱ्यांच्या बाजूचे, दोन व्यापारी-अडत्यांचे, एक हमाल-मापाऱ्यांचा. तरीही मालाचा भाव, ओलाव्याची कपात, कडता यांबाबत दोघांचा शब्द पंधरांवर भारी पडतो, कारण त्या दोघांमागे रोज भेटणारी संघटना असते. पंधरांमागे निवडणुकीपुरते पॅनेल असते. उलट हमालांची एक जागाही कशी वजनदार होते, हे बाबा आढाव यांनी पुण्यात 1950 च्या दशकात उभ्या केलेल्या हमाल पंचायतीने दाखवले. 1969 चा माथाडी कायदाही श्रमिकांच्या अशाच लढ्यांतून आला.

मंगरूळपीरच्या कार्यकर्त्यांना आरंभ करण्यासाठी ओलाव्याचा प्रश्न पुरेसा आहे. 2024 मध्ये सरकारी खरेदीची बारा टक्क्यांची मर्यादा पंधरापर्यंत शिथिल झाली, तीही नोव्हेंबरच्या मध्यावर. तोवर दिवाळी उलटून गेली होती, आणि ज्यांना सणासाठी व देण्यासाठी पैसा हवा होता त्यांनी मिळेल त्या भावाने माल घालून टाकला होता. येत्या हंगामात आवक सुरू होताच दोन-दोन कार्यकर्त्यांनी यार्डात उभे राहावे. खरेदीदाराच्या यंत्राने दाखवलेला ओलावा आणि समितीच्या यंत्राने दाखवलेला ओलावा यांची शेजारी शेजारी नोंद करावी; हिशेबपट्टीवर कोणत्या नावाने किती कपात झाली, तेही लिहावे. महिनाभराच्या या वह्या घेऊन पंधरा संचालकांकडे जावे आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर त्या ठेवण्याची मागणी करावी.