तेल पाजा, पण चुलीजवळ नेऊ नका

आज हिशेबाच्या वहीबद्दल काही सांगणार नाही. आज विषय आहे माळ्यावर टाकून दिलेल्या चामड्याच्या वस्तूंचा. बैलाचा घुंगरांचा पट्टा, कोल्हापुरी चपला, कमरेचा पट्टा, जुनी पिशवी. वाळून कडक झालेली वस्तू आपण टाकून देतो. त्यातल्या बऱ्याच वाचू शकतात.

आधी माझीच चूक सांगते. 22 जुलै 2021 ची रात्र महाडमध्ये कोण विसरेल? सावित्री आणि गांधारीचं पाणी घराघरांत शिरलं. आमच्या सासऱ्यांनी बैल विकले होते, पण बैलाचा पट्टा जपून ठेवला होता. तो चिखलात सापडला. मी धुतला आणि लवकर वाळावा म्हणून चुलीवर टांगला. दुसऱ्या दिवशी तो आकसून लाकडासारखा झाला. सरळ करायला गेले, तर मधोमध तडकला. सासरे काही बोलले नाहीत. पट्टा हातात घेऊन बसून राहिले.

आमच्या गटात एक मावशी आहेत. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चपला शिवायचं काम होतं. त्यांनी तो पट्टा बघितला आणि म्हणाल्या, "अगो, ह्यो पुरानं नाय मेला, तुझ्या चुलीनं मेला."

त्यांनी मग कारण समजावलं. कातडं म्हणजे बारीक तंतूंचं विणकाम. ते कुजू नये म्हणून कमावतात. आपल्या घाटातल्या रानात मिळतो तो हिरडा आणि बाभळीची साल त्यासाठी वापरतात. कोल्हापुरी चपलांचं कातडं असंच कमावलेलं असतं. कमावल्यावर त्यात तेल मुरवतात, म्हणून तंतू एकमेकांवर सरकतात आणि चामडं वाकतं. वर्षं गेली, ऊन लागलं, पाण्यानं धुतलं गेलं, की तेल कमी होतं आणि तंतू चिकटून बसतात. ओलं चामडं तापलं तर ते कायमचं आकसतं. मग कितीही तेल लावा, पहिल्यासारखं होत नाही.

आता कृती ऐका.

वस्तू ओली असेल तर चिखल ओल्या फडक्यानं पुसा. पिशवीत किंवा बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ओले झाले की बदला. सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. ऊन नको, चूल नको. दोन-चार दिवस लागले तरी चालतील.

पांढरी बुरशी आली असेल तर वस्तू अंगणात न्या, नाकातोंडाला फडकं बांधा आणि कोरड्या ब्रशनं झाडा. घरात झाडू नका. कपड्यांच्या पावडरीत तर कधीच भिजवू नका, उरलंसुरलं तेलही निघून जाईल.

मग तेल. मावशी एरंडेल वापरतात. जवसाचं तेल लावू नका, ते वाळून कडक होतं. एरंडेलाची वाटी कोमट पाण्यात ठेवा म्हणजे ते पातळ होतं. आधी एका कोपऱ्यावर लावून बघा, कारण तेलानं रंग गडद होतो. फडक्यावर थोडंसं घ्या आणि आतल्या खरबरीत बाजूनं चोळा, तिथून ते लवकर मुरतं. रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पातळ हात द्या. असं तीन-चार वेळा करा. एकदम ओतलंत तर चामडं लिबलिबीत होतं आणि त्यावर धूळ बसते. तेल मुरेपर्यंत वस्तू वाकवू नका. शेवटी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

तेल कशाला लावायचं नाही, हेही लक्षात ठेवा. मागची बाजू कापडाची असेल तर ते रेक्झिन आहे, त्यात तेल मुरत नाही. ढोलकीच्या पानाला तेल लावू नका, आवाज जाईल. गणपतीच्या आधी ती कारागिराकडेच न्या. चामड्याची लाल भुकटी हाताला लागत असेल, तर त्याचे तंतूच मेलेत. आठवण म्हणून ठेवा, वापरू नका. आणि आरपार भेग पडलेल्या पट्ट्यानं जनावर बांधू नका. तेलानं भेग दिसेनाशी होते, पण ताकद परत येत नाही.

आपल्या वसाहतीतल्या घरांसाठी खास सांगते. कारखान्यात वेल्डिंगला वापरायचे चामड्याचे हातमोजे कडक झाले म्हणून त्यांना तेल चोळू नका. ठिणगी पडली की तेल पेट घेतं. रसायन लागलेले मोजे आणि बूट घरी आणून मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. ते कंपनीतूनच बदलून मागायचे. नवऱ्याला, भावाला तसं सांगा.

शेवटी एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलते. मावशी आम्हाला शिकवायला बसल्या, तेव्हा गटातल्या दोघी-तिघी मागे सरकल्या. "आम्ही चामड्याला हात लावायचा?" असं एकीनं विचारलंही. मावशींनी मान खाली घातली. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या गावात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच गावात आपण ही बैठक घेत होतो. मी एवढंच म्हटलं, "पायात चामड्याची चप्पल चालते, मग हाताला काय झालं?" थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग जी सर्वांत मागे होती, तिनंच एरंडेलाची वाटी पुढे ओढली.

नंतर मी मावशींना विचारलं, इतकी वर्षं हे का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "कुनी इचारलंच नाय."

आता पावसाळ्यानंतरच्या बैठकीला त्या आरी आणि रापी घेऊन येतात, उसवलेली शिवणही दाखवतात. त्या दिवसाचे पैसे गट त्यांना देतो, कारण शिकवणं हे कामच आहे. तुमच्याही गटात, तुमच्याही वाडीत असं जाणणारं कुणीतरी असेल. त्यांना विचारा. चहा द्या, मजुरी द्या आणि शेजारी बसून शिका.

सासऱ्यांचा पट्टा जोडला गेला नाही. त्यातले चांगले घुंगरू मावशींनी नव्या वादीत ओवून दिले. आता तो दाराशी टांगलाय. दार उघडलं की वाजतो, आणि सासरे आतून विचारतात, "कोन आलं?"