पिकाइतकेच लेकराकडेही हंगामाप्रमाणे लक्ष द्या
(खरीप शेतकरी मेळाव्यातील महिला सत्रात केलेले भाषण)



सकाळपासून आपण बियाणे, खते, कीड-रोग आणि पाणी यांविषयी बरेच ऐकले. आता जेवणापूर्वीचा शेवटचा अर्धा तास माझ्याकडे आला आहे. मी कोणत्याही पिकाविषयी बोलणार नाही. तुमच्या घरात पाच वर्षांच्या आतले जे लेकरू असेल, मग ते तुमचे असो की नातवंड असो, त्याच्याविषयी बोलणार आहे. सत्र महिलांचे असले तरी पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये. मी जे सांगणार आहे त्यातल्या निम्म्या गोष्टी पुरुषांच्याच हातात आहेत.

कपाशीवर मावा-तुडतुडे कधी येतात, बोंडअळी कधी येते, हरभऱ्यावर घाटेअळी कधी दिसते, हे तुम्हाला कोणी सांगावे लागत नाही. अंदाज असतो म्हणून आपण आधीच तयारीत राहतो. लेकरांच्या दुखण्यांनाही असाच हंगाम असतो. पण नेमक्या त्याच वेळी शेतात कामाची घाई असते आणि घरात मुलाकडे पाहायला कोणी नसते. अडचण इथेच आहे.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. १९७० साली मी सात वर्षांची होते. आमची आठ एकर कोरडवाहू जमीन. मृगाचा पाऊस बरा झाला आणि आई-वडील, काका-काकू सगळे पेरणीवर गेले. दीड वर्षाचा धाकटा भाऊ माझ्या स्वाधीन होता. आडाला गढूळ पाणी आले होते आणि तेच आम्ही पीत होतो. आर्द्रा लागल्या आणि भावाला जुलाब सुरू झाले. 'पाणी पाजलेस तर आणखी जुलाब होतील, अजिबात देऊ नकोस', असे घरातल्या मोठ्यांनी मला बजावले होते. तो माठाकडे बोट दाखवायचा. मी माठावर झाकण ठेवून त्याच्यासमोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई शेतातून आली, तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते. तालुक्याला न्यायला गाडी जुंपली, पण ओढ्याला पूर होता. पहाटे तो गेला.

घरातल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. जे ठाऊक होते ते सगळ्यांनी केले, आणि तेच चुकीचे होते. पुढच्याच वर्षी, १९७१ साली, बंगालमध्ये बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रोग्यांना पाजले. शंभरातले तीस रोगी जिथे दगावत होते, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आले. आज ओ.आर.एस.चे पाकीट आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मोफत मिळते. म्हणजे माझ्या भावाला ज्याची गरज होती, ते त्याच माठात होते. फक्त त्यात मीठ आणि साखर घालायची होती.

पावसाळा : मृग ते पोळा

पेरणीच्या आधी बियाणे आणून ठेवता, तशीच ओ.आर.एस.ची दोन पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात. जुलाब सुरू होताच एक पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवावे. दोन वर्षांच्या आतील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप आणि त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप पाजावे. घाईने न पाजता चमच्याने, थोडे थोडे द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरुवात करावी. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव घेऊन पाहावी. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा ते खारट लागता कामा नये. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. खाणाऱ्या मुलाला मऊ भात, वरण, ताक, केळे देत राहावे. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी पूर्ण चौदा दिवस द्यावी. मात्र मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसू लागली, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पिण्याचे पाणी उकळून गार करावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध टाकून अर्धा तास थांबावे. माठात हात आणि पेला बुडवू नये, दांड्याचे ओगराळे वापरावे. शौचाहून आल्यावर आणि घास भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. शेतातून आलेल्या माणसाने मुलाला उचलण्यापूर्वीही हात धुवावेत.

याच दिवसांत साप बाहेर पडतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आहेत. त्यांतला मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश फारसा दुखत नाही आणि खूण दिसेलच असे नाही. म्हणून पावसाळ्यात मुलांना खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपवावे. सरपण आणि गोवऱ्यांचा ढीग भिंतीला लावून ठेवू नये. सकाळी मूल पोटात दुखते म्हणाले, पापण्या जड होऊ लागल्या किंवा गिळता येईना, तर दंशाची शंका घ्यावी. कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काहीही करू नये. मुलाला चालू न देता उचलून न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सापाच्या विषावर लस आहे आणि ती रुग्णालयातच मिळते. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

फवारणीचे दिवस

आता पुरुष मंडळींसाठी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. मोठ्या माणसाला जे बाधते, ते दहा किलोच्या लेकराला किती बाधेल याचा विचार करावा. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल. पण हिरव्या त्रिकोणाचे औषधही मुलाच्या पोटात जाता कामा नये.

औषध शेजाऱ्याला थोडे द्यायचे म्हणून सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून देण्याची पद्धत अनेक गावांत आहे. ती आजपासून बंद करावी. रंगीत पाणी दिसले की मूल ते तोंडाला लावणारच. औषध मूळ डब्यातच, कुलपात आणि मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावे. बीजप्रक्रिया केलेले गुलाबी दाणे मुलांना गोळ्यांसारखे दिसतात. उरलेले दाणे अंगणात किंवा ओसरीवर ठेवू नयेत. फवारणी करून आल्यावर मूल धावत येते, पण आधी अंघोळ करावी, कपडे वेगळे धुवायला टाकावेत आणि मगच त्याला कडेवर घ्यावे. रिकामे डबे घरात पाण्याला किंवा धान्याला वापरू नयेत.

एवढे करूनही मुलाने काही प्यायलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. अंगावरचे कपडे काढून अंग धुवावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद सोबत घेऊन रुग्णालयात जावे. कोणते विष आहे हे कळले की डॉक्टरांना उपाय लवकर करता येतो.

हिवाळा : दिवाळी ते होळी

खाण्यापिण्याच्या दृष्टीने हा लेकरांचा सुगीचा काळ. पालक, मेथी, गाजर, पेरू, बोरे, हरभऱ्याची भाजी, तीळ, नवा गूळ, सगळे बांधावर आणि बाजारात असते. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको. सहा महिने पूर्ण झाले की दुधाबरोबर घट्ट वरण-भात, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे सुरू करावे आणि घासात चमचाभर तेल किंवा तूप घालावे. वरणाचे नुसते पाणी पाजून बाळ वाढत नाही. शेंगदाणे, फुटाणे, हुरड्याबरोबरचा सुका मेवा लहान मुलाच्या हातात अख्खा देऊ नये. दाणा श्वासनलिकेत अडकतो. कूट करून द्यावे.

मूल वाढते आहे की नाही हे नजरेने कळत नाही. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्यावे. जन्माचे वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षाने तिप्पट व्हायला हवे. वजन दोन महिने थांबले, तर पीक पिवळे पडल्यावर जशी आपण चौकशी करतो, तशी चौकशी करावी.

थंडीत खोकला असतोच, पण त्यात न्यूमोनिया कोणता हे घरीही ओळखता येते. मूल शांत असताना त्याच्या पोटाकडे पाहून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे साठ किंवा अधिक, एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक आणि पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक श्वास भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. चुलीजवळ बाळाला पाठीशी बांधून स्वयंपाक करू नये. धूर त्याच्या छातीला बाधतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. लस कोणत्याही गावी मिळते, पण कोणती झाली आणि कोणती राहिली हे कार्डावरूनच कळते. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तो प्रत्येक फेरीला आयाबाया मुलांना घेऊन बूथवर आल्या म्हणूनच. गोवराची लस नऊ महिने पूर्ण होताच आणि दुसरी मात्रा दीड वर्षाच्या सुमारास चुकवू नये.

उन्हाळा : मळणी ते वळीव

गहू-हरभऱ्याच्या मळणीला मुले यंत्राभोवती जमतात. यंत्र चालू असेपर्यंत त्यांच्यावर एका माणसाने लक्ष ठेवायचे, हे आधीच ठरवावे. घरात धान्य साठवताना कीड लागू नये म्हणून ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो. ज्या खोलीत माणसे झोपतात, तिथे त्या कदापि ठेवू नयेत. धान्य नीट वाळवून कडुनिंबाचा पाला घालून ठेवणे घरासाठी बरे.

शेततळी झाली, फळबागा वाचल्या, ही चांगली गोष्ट आहे. पण तळ्याचा प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की निसरडा होतो. त्यात पडलेल्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही, मग मुलाची काय कथा? तळ्याभोवती जाळीचे कुंपण आणि कुलूप लावता येणारे फाटक करावे. चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर खुंटीला बांधून पाण्यापर्यंत सोडावेत. हवा भरलेली एखादी जुनी ट्यूब पाण्यात तरंगत ठेवावी. विहिरीला कठडा बांधावा. लाखाचा कागद घेताना चार दोरांचा खर्च जड वाटू नये. बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गरगर फिरवणे यात वेळ घालवू नये. श्वास बंद असेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

दुपारी बारा ते चार मुलांना सावलीत ठेवावे. ताक, पन्हे, लिंबू-पाणी वरचेवर द्यावे. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाला मात्र उन्हाळ्यातही वरचे पाणी न देता अधिक वेळा पाजावे. आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे.

बंधू-भगिनींनो, आई निंदणीला, बाप पाळीला आणि घर सात वर्षांच्या मुलीवर, ही व्यवस्था मी स्वतः पाहिली आहे. त्या मुलीवर पुढे आयुष्यभर काय ओझे राहते हेही मला ठाऊक आहे. मोठ्या लेकरांना शाळेत पाठवा आणि लहानांना अंगणवाडीत. पेरणीच्या दहा-पंधरा दिवसांत वाडीतल्या चार घरांनी मिळून एका जाणत्या माणसाला मुलांपाशी ठेवावे. इर्जिक करून आपण एकमेकांची शेते पेरत आलो आहोत. लेकरे सांभाळायलाही ती रीत चालेल. आजी-आजोबांना औषधाची जागा आणि मीठ-साखरेचे माप दाखवून ठेवावे.

मृगाला अजून तीन आठवडे आहेत. मेळाव्यातून जाताना बियाण्याच्या पिशव्या न्याल, त्याबरोबर गावातल्या आशाताईंकडून ओ.आर.एस.ची दोन पाकिटेही मागून घ्या आणि देवळीत, घरातल्या सगळ्यांना दिसतील अशी ठेवा. एवढे जरी झाले, तरी आज मी येथे आले त्याचे चीज झाले असे समजेन.