कोचची खुर्ची

मागच्या रांगांमध्ये घामाघूम बसलेले आईबाबा आणि आजपासून फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेणाऱ्या मुलामुलींनो,

मी बॅडमिंटनचा कोच. तुमच्या विषयाशी माझं नातं माझ्या दोन गुडघ्यांपुरतं. तेव्हा त्यावर बोलून फजिती करून घेण्यापेक्षा एका खुर्चीबद्दल सांगतो.

कोर्टाच्या मागच्या बाजूला कोचसाठी खुर्ची असते. रॅली चालू असताना तिथून बोलायचं नाही. कुणाचेही 11 गुण झाले की 60 सेकंद, दोन गेमच्या मध्ये 120. मुख्य मुभा काय ती एवढीच. मी कित्येक वर्षं ते 60 सेकंद बडबडण्यात घालवले. "बॅकहँडला टाक, नेटवर ये, पाय हलव, अरे पाय!" एकदा एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, आधी पाणी पिऊ?"

या खुर्चीचा वेगळा उपयोग मला दाखवला तो एका तैवानी खेळाडूनं. प्रशांत महासागराच्या पश्चिम कडेला तैवान हे बेट आहे. 1990 मध्ये तैपेईत जन्मलेला चौ तिएन-चेन या बेटाचा खेळाडू. 2016 मध्ये त्यानं घरची तैपेई ओपन जिंकली. पुरुष एकेरीत स्थानिक विजेता मिळायला 17 वर्षं लागली होती. आधीचा विजेता फुंग पेरमाडी, आणि तोही मूळचा जावा बेटावरचा!

2019 पासून चौ पूर्णवेळ कोचशिवाय खेळू लागला. सरावाची आखणी त्याची, डावपेच त्याचे. आणि खुर्चीत कोण? व्हिक्टोरिया काओ, त्याची फिजिओथेरपिस्ट. टाळ्या वाजवा, तुमच्याच पंथातली आहे. खरं सांगतो, आम्ही कोच मंडळी तेव्हा हसलो होतो. त्याच वर्षी जकार्तात त्यानं इंडोनेशिया ओपन जिंकली, 2022 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेतलं, आणि आमचं हसू ओसरलं.

त्या 60 सेकंदांत ती त्याला काय सांगते, मला ऐकू येत नाही. पण कोर्टवर मला दिसतं ते शटल कुठे पडलं एवढंच. उडी मारून खाली येताना खेळाडूनं कुठला पाय चोरला, हे मला नंतर कळतं, बहुधा तुमच्या दवाखान्याचं बिल आल्यावर.

आता पॅरिस. 2 ऑगस्ट 2024, ऑलिम्पिकची उपांत्यपूर्व फेरी. आपला लक्ष्य सेन विरुद्ध चौ. त्या रात्री मी घरात इतका ओरडलो की शेजारचे काका दार वाजवत आले, आणि मग तेही बसले. लक्ष्य जिंकला. पुरुष एकेरीत ऑलिम्पिकची उपांत्य फेरी गाठणारा पहिला भारतीय! चौ तेव्हा 34 वर्षांचा. "म्हातारा झाला, दमला," असं मी काकांना अगदी जाणकाराच्या थाटात सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये फिनलंडला, व्हान्टा शहरात, याच म्हाताऱ्यानं जोनाटन क्रिस्टीला हरवून आर्क्टिक ओपन जिंकली. त्यानंतर त्यानं सांगितलं की 2023 च्या सुरुवातीला तपासणीत त्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला होता. अगदी सुरुवातीचा. शस्त्रक्रिया करून आतड्याचा काही भाग काढावा लागला. तरी तो खेळत राहिला. म्हणजे पॅरिसच्या कोर्टवर तो हे सगळं अंगावर घेऊन उतरला होता, आणि आम्ही सोफ्यावर बसून त्याच्या दमण्याचं निदान करत होतो.

ती बातमी वाचली त्या रात्री मी तो सामना पुन्हा लावला. या वेळी लक्ष्यकडे नाही, पलीकडच्या माणसाकडे बघत बसलो. पहिला गेम त्यानं 21-19 असा घेतला होता. मी ते साफ विसरलो होतो.