जस्ताचा उलटा हिशोब

मधुमेहाचा विषय निघाला की गाडी साखर, भात आणि चालणं यांवरच येते. आज मी बोलणार आहे जस्ताबद्दल, म्हणजेच झिंकबद्दल.

जुनं 'रेग्युलर' इन्सुलिन घेणाऱ्यांना डॉक्टर सांगतात, टोचल्यावर अर्धा तास थांबा, मग जेवा. त्या अर्ध्या तासामागे जस्त आहे. सुईतून इन्सुलिन जातं ते सहा-सहा रेणूंच्या गठ्ठ्यांनी, आणि प्रत्येक गठ्ठा जस्ताच्या दोन अणूंनी बांधलेला. तो सुटेपर्यंत इन्सुलिन रक्तात नीट उतरत नाही. ही रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ मध्ये उलगडली. १९९६ मध्ये लिस्प्रो नावाचं इन्सुलिन आलं. त्यात शेजारच्या दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केली आहे, बस्स. गठ्ठे झटपट सुटू लागले, आणि पानावर बसता बसता सुई घेता येऊ लागली.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशीही इन्सुलिन असंच बांधून इवल्या पुटिकांत साठवतात. पुटिकेत जस्त पोचवतं झेडएनटी-८ नावाचं प्रथिन. २००७ मध्ये त्याच्या जनुकातल्या एका फरकाचा टाइप-२ मधुमेहाशी संबंध दिसला. ३२५व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी आर्जिनिन असेल, तर धोका थोडा वाढतो. टाइप-१ मध्ये तर शरीर याच प्रथिनावर उलटतं. त्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडली, तर निदानाला मदत होते.

साहजिकच वाटलं, हे प्रथिन बिघडलं की मधुमेह आलाच. जनुक काढलेल्या काही उंदरांची साखर बिघडलीही. पण २०१४ मध्ये हिशोब उलटला. सुमारे दीड लाख लोकांच्या अभ्यासात, ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत निकामी होती, त्यांना टाइप-२ चा धोका ६५ टक्क्यांनी कमी निघाला. असा एक बदल फिनलंडमध्ये, तर दुसरा आइसलंडमध्ये सापडला. फिनलंडमधल्या अशा लोकांना पुढे तपासलं, तेव्हा साखर वाढल्यावर त्यांचं इन्सुलिन अधिक चांगलं स्रवताना दिसलं. म्हणून आता हे प्रथिन थोपवणाऱ्या औषधाचा विचार होतो आहे.

तेव्हा 'इन्सुलिनला जस्त लागतं' एवढं ऐकून झिंकच्या गोळ्या सुरू करू नका. दीर्घकाळ जादा झिंक पोटात गेलं की शरीरातलं तांबं कमी होतं, आणि मधुमेहाप्रमाणे त्यानेही पाय बधिर होऊ शकतात. मधुमेही माणूस त्याचा दोष साखरेला देतो आणि गोळी चालूच ठेवतो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना औषधांच्या यादीत ती बाटलीही लिहा.