शांतिसंशोधन आणि श्रोत्यांचा हक्क



युद्ध आणि हिंसाचार यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या संस्था आज जगात अनेक आहेत. ओस्लो येथील शांतिसंशोधन संस्था १९५९ साली आणि स्टॉकहोम येथील संस्था १९६६ साली स्थापन झाली. त्यांचे ग्रंथ मुख्यतः इंग्रजीत निघतात व विद्वान मंडळीच ते वाचतात. ज्यांची घरे जळाली, ज्यांची माणसे मारली गेली, त्यांच्याविषयीचे हे ज्ञान त्यांच्या दारापर्यंत क्वचितच येते. अलीकडे या संस्थांनी पॉडकास्ट व चित्रफिती यांचा अवलंब केला आहे. ओस्लोच्या संस्थेची 'पीस इन अ पॉड' ही श्राव्य मालिका त्यांपैकीच होय. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु ज्ञान सुलभ केले असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

मी वकील आहे. साक्षीदाराचे म्हणणे उलटतपासणीच्या कसोटीस लागल्यावाचून त्यास पुराव्याचे पुरते वजन येत नाही, ही आमच्या व्यवसायाची शिकवण. श्रोत्यालाही हाच हक्क असला पाहिजे. निष्कर्षाबरोबर तो तपासून पाहण्याचे साधनही त्याच्या हाती दिले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या नोंदींप्रमाणे २०२४ साली जगात राज्यसंस्था पक्षकार असलेले ६१ सशस्त्र संघर्ष चालू होते. १९४६ पासून तोवरची ही सर्वांत मोठी संख्या होती. चित्रफितीत हा आकडा सांगून थांबले, तर ऐकणारा भयभीत होईल, शहाणा होणार नाही. त्याला हेही सांगितले पाहिजे की, या गणनेत संघर्ष ठरण्यासाठी किमान एका बाजूस सरकार असावे लागते आणि वर्षभरात किमान २५ माणसे लढाईत मेलेली असावी लागतात. लढाईमुळे अन्न तुटले, औषध मिळाले नाही आणि मूल दगावले, तर तो मृत्यू या २५ मध्ये धरला जात नाही. समाजाची घडीच माणसाचे आयुष्य खुरटवीत असेल, तर तीही हिंसाच, असे योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली मांडले. तिचीही नोंद या आकड्यात नाही. म्हणून आकडा खोटा ठरत नाही. त्याची मर्यादा तेवढी कळते. आणि मर्यादा कळलेल्या माणसाला कोणी आकड्याने सहजासहजी फसवू शकत नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाच्या सुनावण्या एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाल्या. त्या देशाच्या राज्यघटनेने त्या वेळी ११ भाषांना अधिकृत स्थान दिले होते. साक्षीदारांना आपल्या भाषेत बोलता यावे म्हणून दुभाषे नेमले गेले, आणि आकाशवाणीवरून सुनावण्यांचे वृत्त घरोघर पोहोचले. आयोगाचा पाच खंडांचा अहवाल ऑक्टोबर १९९८ मध्ये सादर झाला. परंतु ज्यांनी तो कधीच हाती घेतला नसता, त्यांनी त्यातील सत्य आधीच कानांनी ऐकले होते. मराठी श्रोत्याला जगाच्या युद्धशांतीविषयी काही सांगावयाचे, तर ते अशाच रोखठोक मराठीत सांगावे लागेल. इंग्रजी वाक्यांवर मराठी प्रत्यय चढविल्याने ते काम होणार नाही.

तिसरी गोष्ट साक्षीदाराच्या सुरक्षिततेची. छापील ग्रंथात नाव बदलता येते. चित्रफितीत चेहरा आणि आवाज ओळखू येतो, आणि एकदा पसरलेली फीत परत घेता येत नाही. अत्याचार करणारा जर त्याच गावात राहत असेल, तर श्रोत्याच्या ज्ञानाची किंमत साक्षीदाराला मोजावी लागेल. म्हणून संमती घेताना हा धोका त्याच्या भाषेत समजावून सांगणे आणि त्याने नकार दिल्यास तो मानणे, हे संशोधकाचे कर्तव्य आहे.

सारांश, पॉडकास्ट असो वा चित्रफीत, तिला तीन प्रश्न विचारा. आकडा कशाचा मोजला? तो कोणाच्या भाषेत सांगितला? आणि ज्याने साक्ष दिली तो सुरक्षित आहे काय? ज्यांच्या दुःखावर हे शास्त्र उभे आहे, त्यांना हे प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांच्या आधी आहे. त्यांना उत्तर देण्याची ज्या संशोधनाची तयारी नसेल, त्याला सुलभ म्हणता येणार नाही.