साथीचा रोग आणि स्तंभलेखकाचे दायित्व

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा सारांश)



सार्वजनिक आरोग्याचा वाद पेटतो तेव्हा वर्तमानपत्रातील स्तंभलेखकाने कोणाची बाजू घ्यावी? रोग्याची, हे उघड आहे. परंतु ती घेणे म्हणजे नेमके काय, हे १८९७ च्या पुण्याकडे पाहिल्यावाचून कळत नाही.

त्या वर्षी प्लेगच्या निमित्ताने साथरोग कायदा झाला आणि रँडच्या अधिकाराखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले. टिळकांनी ‘केसरी’तून त्या जुलमावर कोरडे ओढले. पण तेवढ्यावर त्यांची लेखणी थांबली नाही. शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांनाही त्यांनी धारेवर धरले, स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदू प्लेग इस्पितळाच्या उभारणीत पुढाकार घेतला. रोग्याला वेगळे ठेवण्याची गरज त्यांना मान्य होती. आक्षेप होता तो माणसाची विटंबना करण्याला. त्याच वर्षी ‘केसरी’तील लिखाणावरून राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तोच कायदा पुन्हा वापरण्यात आला. तेव्हा एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या कामगाराला ‘अंतर राखा’ असा उपदेश करणारा लेखक सत्तेचा भाट ठरतो. आणि सरकारविरोधाच्या भरात लसीविषयीच संशय पेरणारा लेखकही त्याच कामगाराचा घात करतो. दोघांनाही रोगी दिसलेला नसतो.

आपल्या नाशकातच २१ एप्रिल २०२१ रोजी महानगरपालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि २० हून अधिक रुग्ण दगावले. अशा प्रसंगी शोकलेख लिहिण्यास पुष्कळ लेखण्या सरसावतात. परंतु यंत्रांची देखभाल कोणाकडे आहे, परिचारिकांच्या किती जागा रिक्त आहेत, अंदाजपत्रकातील रक्कम कोठे खर्च पडली, हे रूक्ष प्रश्न साथ नसतानाही दर आठवड्याला विचारणे, हेच स्तंभलेखकाचे खरे काम होय.

ते त्याने एकट्याने करावे, ही अपेक्षा मात्र अन्याय्य आहे. आपल्या प्रभागातील दवाखान्याचे दार तुम्हाला ठाऊक आहे. तेथील औषधांची, माणसांची, यंत्रांची नोंद ठेवा. ऐकीव गोष्टी गाळा. आकडे दोनदा तपासा. आणि ते लेखकाच्या मेजावर नेऊन ठेवा. मग तो गप्प राहिला, तर त्याला जाब विचारण्याचा अधिकार तुमचा आहे.