पाचवं चाक आणि धर्मकाटा

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणेशोत्सवात विद्वान वक्ते बोलावण्याची आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा कार्यकारिणीला कोणी मिळालं नसावं, म्हणून पाळी आमच्यावर आली. आम्ही राज्य शासनाच्या वाहन कार्यशाळेत नोकरीला, शिक्षण ऑटोमोबाइलचा डिप्लोमा. आणि 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणानं नाही. इंदुरात जन्म गेला, हिंदीत 'हम' म्हणायची सवय, ती मराठीतही उतरली. शिवाय आजची हकीकत आम्हा उभयतांचीच आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची मुलं, भाऊ, भाचे अमेरिकेत आहेत. आमचा धाकटा भाऊ कोलोराडो राज्यात डेन्वरला असतो. आम्ही अर्जित रजा मंजूर करून, परदेशी जायची परवानगी काढून, आईला घेऊन त्याच्याकडे गेलो. विमानतळावरच तो म्हणाला, "दादा, तुला एक गंमत दाखवायचीय." घरी पोचलो तर अंगणाच्या कडेला बत्तीस फुटी पांढरं घर उभं. खाली चाकं. त्याला तिकडे 'फिफ्थ व्हील' म्हणतात, म्हणजे पाचवं चाक.

नाव जुनं आहे. चारचाकी घोडागाडीच्या पुढच्या आसावर एक आडवं लोखंडी कडं असायचं. ते फिरलं की पुढची चाकं वळायची. चार चाकं रस्त्यावर आणि हे आडवं पाचवं. पुढे ट्रकला ट्रेलर जोडायच्या तव्याला तेच नाव पडलं. पीथमपूरला जाणारे लांब कंटेनर आपण रोज पाहतो, त्यांच्या घोड्यावर जो काळा, ग्रीस लावलेला तवा दिसतो तोच हा. विमानविद्येतले नामांकित ग्लेन कर्टिस यांनी १९२०च्या दशकात अशाच जोडणीचं 'एरोकार' नावाचं फिरतं घर बनवलं होतं. आजच्या फिरत्या घरात हा तवा पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे बसवतात. ट्रेलरच्या नाकाखालची किंगपिन त्यात अडकते. बंपरला जोडलेल्या ट्रेलरपेक्षा हे जास्त स्थिर चालतं, शेपूट हलवत नाही. पण ट्रेलरच्या वजनाचा मोठा वाटा थेट ट्रकच्या पाठीवर बसतो. साधारण पंधरा ते पंचवीस टक्के. आजचं सगळं भाषण या एका वाक्यावर आहे.

धाकट्याचा बेत ठरलेला होता. दोन दिवसांनी सगळ्यांनी आय-७० रस्त्यानं डोंगरापलीकडे जायचं. तो रस्ता आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंचीवर जातो आणि मग सहा-सात टक्के उतारानं मैलोन्‌मैल खाली येतो. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीच्या चढाच्या पट्ट्या केलेल्या आहेत. जागेचं आगाऊ भाडं भरलेलं. आमच्या सौ. आणि वहिनी म्हणजे धाकट्याची बायको, दोघी डबे भरत होत्या.

आम्ही ट्रकभोवती फिरलो आणि कार्यशाळेतल्या सवयीनं नजर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबाकडे गेली. तिथे एक पट्टी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून या गाडीवर किती बोजा चालेल, ते त्यावर लिहितात. आकडा होता १,०८० किलो. आम्ही मनातच बेरीज केली आणि पोटात गोळा आला.

रात्री सौ.ला सांगितलं. अडचण अशी की तो एम.एस. झालेला, आम्ही डिप्लोमावाले. त्याच्या घरी पाहुणे. त्याची हौस, त्याचे पैसे. सौ. म्हणाली, "भाऊजी रागावले तर चार दिवस रागावतील. सांगा."

सांगितलं. तो म्हणाला, "दादा, विकणाऱ्यानं लिहून दिलंय. साडेसहा हजार किलो ओढते ही."

"ओढेल रे. इंजिन ओढेलच. पण पाठीवर किती बसतंय? आणि उतारावर थांबवणार कोण?"

ए.बी. रोडवरच्या आपल्या गणपती घाटाची आठवण त्याला करून दिली. तिथे उतारावर ब्रेक फेल होऊन किती गाड्या गेल्या, हे इंदूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तापून निळे पडलेले ब्रेक ड्रम आम्ही हातानं उघडले आहेत. तो काही बोलला नाही. जेवतानाही गप्प होता. आईनं शेवटी विचारलं, "जायचंय की नाही ते सांगा, मी डाळ भिजत घालू का?"

सकाळी तोच म्हणाला, "चल दादा, काट्यावर जाऊ."

तिकडे मोठ्या ट्रकांच्या थांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. आपल्या धर्मकाट्यासारखेच, फक्त तीन वेगळे पाट. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी मिळतात. सगळे बसून, टाकी भरून, सामान घालून एकदा वजन करायचं. मग ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचं करायचं. ट्रकच्या दोन वजनांतला फरक म्हणजे पिनेवरचं वजन. आमचा हिशोब असा आला: भरलेला ट्रेलर सुमारे ४,९०० किलो, पिनेवर १,०००. हौद्यातला तवा ८०. आम्ही पाच माणसं ३२०. हौद्यातला जनरेटर आणि अवजारं ९०. एकूण १,४९०. परवानगी १,०८०ची. म्हणजे ४१० किलो जास्त, आणि आम्ही घाटात निघालो होतो, आईला घेऊन.

धाकटा पावती हातात धरून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "दादा, मी फक्त ओढायचा आकडा पाहिला." डोंगरापलीकडच्या जागेचं भाडं बुडालं. ते त्यानं सोडून दिलं.

तर पहिली सूचना ही. आपलं माणूस असं घर घेणार असेल तर आधी घर आणि मग ट्रक, हा क्रम ठेवायला सांगा. ट्रक आधीच असेल तर दारावरच्या पट्टीवरून घर निवडा. जाहिरातीतलं रिकाम्या ट्रेलरचं वजन धरू नका, भरलेलं धरा. आणि धर्मकाट्याची पावती गाडीत ठेवा.

सहल मात्र झाली. आम्ही घर उपसायला बसलो. पाण्याची टाकी रिकामी केली. एक लिटर म्हणजे एक किलो, ६० गॅलनची टाकी म्हणजे सव्वादोनशे किलो पाणी! पुढच्या कप्प्यातलं सामान पिनेवर बसतं, म्हणून तो आधी रिकामा केला. सायकली, पुस्तकांचे खोके, बिडाचे तवे, वहिनींनी हौसेनं नेलेला दगडी खलबत्ता, सगळं उतरवलं. पिनेवर ८२० किलो राहिले. जनरेटर घरी, ट्रकमध्ये आम्ही दोघे भाऊ, बाकी मंडळी कारनं मागून. एकूण बेरीज १,०५०. आणि डोंगर न चढता डेन्वरजवळच्याच चॅटफील्ड स्टेट पार्कमध्ये मुक्काम केला. घर तिथे सोडून रोज मोकळ्या गाडीनं डोंगर पाहून यायचं. फिफ्थ व्हीलचा खरा फायदा हाच, घर जागेवर राहतं आणि गाडी मोकळी होते.

त्या आठ दिवसांत जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

जोडताना आणि सोडताना सगळ्यात आधी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे. ट्रेलरचं नाक तव्यापेक्षा किंचित खाली ठेवून ट्रक मागे घ्यायचा, म्हणजे ते तव्यावर घासत चढतं. नाक उंच राहिलं तर पिन जबड्याच्या वर बसते, जोडल्यासारखी दिसते आणि निघताना सगळं घर हौद्याच्या कडांवर आदळतं. म्हणून बॅटरी घेऊन जबडा बंद झालाय का ते डोळ्यांनी पाहायचं. विजेची तार आणि तुटल्यास ब्रेक लावणारी तार जोडायची. मग ट्रेलरचे पाय अजून जमिनीला टेकलेले असतानाच, ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक हलकेच पुढे ओढून पाहायचा. आम्ही नियम केला होता: हे काम चालू असताना गप्पा नाहीत, फोन नाही. मध्ये खंड पडला तर यादी पहिल्यापासून.

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलरची शेपूट जाते. शंका आली की खाली उतरून बघा. उतरून बघायला कमीपणा वाटणाऱ्यांनीच आमच्या कार्यशाळेला सर्वांत जास्त काम दिलंय. घराची उंची चिठ्ठीवर लिहून ड्रायव्हरसमोर लावा. आमचं चार मीटरच्या आसपास होतं. पेट्रोल पंपाचं छप्पर आणि झाडाच्या फांद्या नकाशात दिसत नाहीत.

टायर नक्षी झिजायच्या आधी वयानं मरतात. उभ्या घराचे तर नक्कीच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असो, बदला. हवा गार टायरमध्येच तपासा. हे आकडे आपल्या इथल्या टायरांवरही असतात, घरी जाताना आपापल्या गाडीचे जरूर वाचा.

पोचल्यावर ट्रक सोडण्यापूर्वी घर डावी-उजवीकडे समपातळीत आणायचं, पुढे-मागे नंतर पायांनी करता येतं. नळाला आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर आतले पाइप फुटतात. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, सांडपाण्याचा वेगळा, दोन्ही वेगळ्या कप्प्यांत. विजेच्या खांबाला आधी संरक्षक यंत्र, मग घर. तिकडे वीज १२० व्होल्टची. तीस अँपिअरच्या जोडणीवर ३,६०० वॉट मिळतात, म्हणजे एसी, गीझर आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालत नाहीत. हे आम्हाला पहिल्या संध्याकाळी अंधारात कळलं.

संडासाची टाकी आणि मोरीची टाकी वेगळी असते. संडासाच्या टाकीची झडप कायम उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते आतच साचतं. ती बंद ठेवायची, पाणी सढळ वापरायचं, भरत आली की सोडायची, आणि मग मोरीची सोडून पाइप धुऊन काढायचा. हातमोजे घालून. हे काम धाकटा एकटा करणार होता. आम्ही म्हटलं, शासकीय नोकरीत याहून वाईट पाहिलंय, सरक.

स्वयंपाकाचं म्हणाल, तर आईनं फोडणी दिली की धुराचा भोंगा वाजायचा. आधी छतातला पंखा, मग मोहरी, असा क्रम लागला. जमिनीलगत दुसरा एक भोंगा होता, तो गॅसचा. प्रोपेन हवेपेक्षा जड, खाली साचतो. आपला सिलिंडरचा गॅसही तसाच. म्हणून वास आला तर दिवा लावू नका, पंखा लावू नका, दारं-खिडक्या उघडून बाहेर पडा. भांडी मोजकी, स्टीलची. जड वस्तू खाली आणि आसाजवळ. आणि वर्षातून दोन-तीनदा छतावर चढून सांध्यांचा लेप पाहा. पाणी शिरलं की आतली लाकडी चौकट कुजते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

शेवटच्या रात्री बाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. धाकटा म्हणाला, "दादा, तू बोलला नसतास तर?" आम्ही म्हटलं, तुझ्या वहिनीला विचार, ती म्हणाली म्हणून बोललो. आपल्यात मोठ्या पगाराच्या माणसाला लहान पगाराच्या माणसानं काही सांगायचं म्हणजे जीभ अडते. ती अडू देऊ नका, एवढंच सांगायला आज उभे राहिलो.

परत आल्यावर काही महिन्यांनी त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. मागे दुहेरी चाकांचा, जास्त बोजा पेलणारा ट्रक त्यानं घेतला होता. ट्रकचा फोटो नव्हताच, काट्याच्या पावतीचा होता. खाली लिहिलं होतं, "दादा, बेरीज तपासून सांग."

तपासली. बरोबर होती.

गणपती बाप्पा मोरया!